पत्ता काय लिहायचा? तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या घराचा प्रश्न

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात किती अर्ज भरावे लागतात ते एकदा मोजून पाहा. ओळखपत्राचा अर्ज, बँक खात्याचा अर्ज, दवाखान्यातला केसपेपर, नोकरीचा फॉर्म, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडची नोंद. प्रत्येक कागदावर नावाच्या खाली एक ओळ असते: पत्ता. तिथे काय लिहायचं हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे बाकीचे सगळे कागद तिथेच अडतात. ओळखपत्रासाठी पत्त्याचा पुरावा लागतो. खोली भाड्याने घ्यायला ओळखपत्र लागतं. खोलीचं डिपॉझिट भरायला पगार लागतो, आणि पगाराच्या नोकरीसाठी पुन्हा ओळखपत्र आणि पत्ता हवाच.

हा गुंता कुठून सोडवायचा? इतकी वर्षं हा विषय वाचल्यावर माझं ठाम मत झालं आहे की टोक घराच्या बाजूने धरलं तरच तो सुटतो. नोकरी, उपचार, व्यसनमुक्ती, मुलांची भेट हे सगळं त्यानंतर येतं. अनेक ठिकाणी व्यवस्था नेमकी उलट चालते. आधी माणसाने सुधारून दाखवावं आणि मग घराचं बघू, असा तिचा हिशेब असतो.

कागदावर मात्र जगाने हे मान्य केलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ साली कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम सुधारून मंजूर केले आणि २७ वर्षं तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेला यांचं नाव त्यांना दिलं. त्यातला १०७ वा नियम सांगतो की सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार शिक्षेच्या सुरुवातीपासूनच व्हायला हवा. १०८ वा नियम तर जवळजवळ सामानाची यादी आहे: सुटणाऱ्याकडे योग्य कागदपत्रं असावीत, जायला घर आणि करायला काम असावं, अंगावर हवामानाला साजेसे कपडे असावेत, आणि मुक्कामी पोचण्यापुरते व सुरुवातीचे दिवस काढण्यापुरते पैसे असावेत. प्रत्यक्षात हातात काय पडतं? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सुटणाऱ्याला दिली जाणारी रक्कम १९७३ साली २०० डॉलर ठरली. पुढे पन्नास वर्षं घरभाडी वाढत राहिली, हा आकडा तोच राहिला.

घरच्यांकडे का जात नाहीत, असं आपल्याला सहज वाटतं. बरेच जण तिकडेच जातात, आणि जिथे नातं टिकलेलं असतं तिथे तोच सगळ्यात भक्कम आधार असतो. पण एका खोलीत आधीच पाच माणसं राहत असतात. ज्या घरात गुन्हा घडला तिथे परत जायला न्यायालयाने मनाई केलेली असते. कधी आईवडील उरलेले नसतात. आणि कधी घरच्यांची तयारी असूनही नियम आड येतात. अमेरिकेत सरकारी भाड्याच्या घरांबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली असा निर्णय दिला की घरातल्या कुणाचाही, किंवा अगदी पाहुण्याचाही, अमली पदार्थांशी संबंध आढळला तर भाडेकरूला घराबाहेर काढता येईल, मग त्या भाडेकरूला त्याची कल्पना असो वा नसो. असा नियम असताना एखाद्या आजीने सुटून आलेल्या नातवाला दारात घ्यायला कचरणं मला समजू शकतं.

इथे गैरसमजही फार आहेत. अमेरिकेतल्या अशा सरकारी घरांतून तुरुंगवास झालेल्या प्रत्येकाला कायमची बंदी असते, असं कित्येक कुटुंबं धरून चालतात. देशभर लागू असलेली सक्तीची कायमची बंदी फक्त दोन गटांवर आहे: लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत ज्यांचं नाव आयुष्यभरासाठी आहे ते, आणि अशाच सरकारी घरात मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ बनवल्याबद्दल दोषी ठरलेले. बाकी बहुतेक निर्णय स्थानिक गृहनिर्माण कार्यालयाच्या हातात असतो, आणि ती कार्यालयं अनेकदा कायद्याहून कडक नियम करतात. केंद्रीय गृहनिर्माण मंत्री शॉन डोनोव्हन यांनी २०११ मध्ये या कार्यालयांना पत्र लिहून सुटून आलेल्यांना घरच्यांसोबत राहू देण्याचं आवाहन केलं. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने त्यासाठी प्रायोगिक योजना सुरू केली: सुटून आलेल्याला कुटुंबाच्या घरात राहायची परवानगी आणि सोबत मदतीला एक कार्यकर्ता.

निवाऱ्याचा विचार केला नाही तर काय होतं? प्रिझन पॉलिसी इनिशिएटिव्ह या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१८ साली सरकारी आकडेवारीवरून हिशेब मांडला. तुरुंगवास भोगलेली माणसं बेघर असण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या जवळजवळ दहापट निघालं. एकाहून जास्त वेळा आत गेलेल्यांत ते तेरापट होतं. हा दोरा दोन्ही बाजूंनी ओढला जातो, कारण रस्त्यावर झोपणं, सार्वजनिक जागी लघवी करणं, बंद इमारतीत आसरा घेणं यांसाठीही अनेक शहरांत पोलीस उचलतात. छत नाही म्हणून अटक होते, आणि अटकेची नोंद आहे म्हणून छत मिळत नाही.

आता घर द्यायचं म्हणजे नक्की काय द्यायचं? अर्ध्या वाटेवरचं घर हा सगळ्यात जुना प्रकार. तुरुंग आणि बाहेरचं जग यांच्या मधली ही जागा: रात्री ठरलेल्या वेळी परत यायचं, तपासण्या द्यायच्या, दिवसा कामावर जायचं. काहींना तिथली शिस्त आधार देते, तर काहींना ती तुरुंगाचाच विस्तार वाटते. पुढचा प्रकार काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सरकारने अशी सोय सुरू केली. सुटल्यावर बेघर होण्याची वेळ येईल अशा माणसाला त्यात ८४ रात्रींपर्यंत निवारा मिळतो. ८५ व्या रात्रीचं काय, हा या प्रकारातला नेहमीचा प्रश्न.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात इम्पॅक्ट जस्टिस या संस्थेने २०१८ मध्ये सुरू केलेला प्रयोग मला विशेष आवडतो. ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी आहे अशा सामान्य कुटुंबांना संस्था रोजचं ठरावीक भाडं देते आणि दीर्घ शिक्षा भोगून आलेल्या माणसाला सहा महिने तिथे ठेवते. दोन्ही बाजूंची आधी भेट होते, आवडीनिवडी जुळवल्या जातात, अडचण आली तर संस्थेचा माणूस मध्ये पडतो. नवी इमारत बांधावी लागत नाही, आणि एका छपराखाली वीस सुटलेले कैदी राहतात म्हणून शेजारी खवळत नाहीत. शिवाय स्वयंपाकघरात उभं राहून कुणाशी चार गोष्टी बोलायची सवय परत लागते. वसतिगृहात ती कशी लागणार?

पण ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे, जुनं व्यसन आहे, जे वर्षानुवर्षं रस्ता, इस्पितळ आणि तुरुंग अशा फेऱ्या मारत आहेत, त्यांना सहा महिन्यांची खोली पुरत नाही. त्यांच्यासाठी आधारासह कायमचं घर हा प्रकार आहे. अनुदानित भाड्याची, स्वतःच्या नावावरची छोटी खोली, आणि दार ठोठावून चौकशी करणारा कार्यकर्ता, डॉक्टर, समुपदेशक. यामागचा विचार मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्षात आणला. त्याआधीची पद्धत शिडीसारखी होती: आधी दारू सोड, मग औषधं नियमित घे, मग सामूहिक निवाऱ्यात नीट वाग, आणि हे सगळं जमलं तर शेवटच्या पायरीवर घर. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून खाली पडत. त्सेम्बेरिस यांनी घर पहिल्या पायरीवर आणून ठेवलं आणि उपचार ऐच्छिक केले. फुटपाथवर झोपणाऱ्याने औषधाच्या वेळा कशा पाळायच्या? चोरीला जाईल म्हणून तो गोळ्यांची पाकिटंही जवळ ठेवू शकत नाही.

हे चालतं का, याचं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराकडे आहे. तिथे २०१६ पासून वारंवार अटक होणाऱ्या बेघर लोकांना अशी घरं दिली गेली. घरं कमी आणि गरजू जास्त होते, म्हणून सोडत काढली. त्यामुळे घर मिळालेले आणि न मिळालेले असे दोन सारखे गट आपोआप तयार झाले, आणि तुलना करणं सोपं झालं. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या अभ्यासात पहिल्या गटाचा पोलिसांशी संबंध ३४ टक्क्यांनी आणि अटका ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. वर्षभरानंतरही ८६ टक्के लोक घरात टिकून होते. खर्चाबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं: तुरुंग, पोलीस, तातडीचे उपचार यांवरच्या बचतीतून घरांवरच्या वार्षिक खर्चापैकी साधारण निम्मा भरून निघाला. उरलेला निम्मा समाजाने सोसायचाच आहे. असं घर फुकटात पडतं असा दावा कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. आणि घर मिळाल्याने व्यसन किंवा आजार आपोआप ओसरतो, असंही या प्रकारच्या अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही. माणूस छपराखाली राहतो आणि अटका घटतात, एवढं मात्र नक्की दिसतं.

ओहायो राज्याने २००७ मध्ये याच धर्तीवर तुरुंगातून थेट घरात नेणारी योजना आखली होती. अपंगत्व असलेले आणि बेघर होण्याची भीती असलेले कैदी आत असतानाच निवडले जात. २०१२ मधल्या मूल्यमापनात, तशाच पण योजनेत नसलेल्या कैद्यांच्या तुलनेत, त्यांची पुन्हा अटक होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी आणि पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी कमी आढळली. आत असतानाच निवड, हा त्यातला महत्त्वाचा भाग. सुटल्यानंतर शोधायला निघालं तर बरीच माणसं सापडतच नाहीत.

एवढी घाई कशासाठी, असं वाटेल. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या १२.७ पट होता. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यूचा धोका १२९ पट होता. याचं कारण शरीरात आहे. आत असताना नशा बंद असते किंवा फार कमी मिळते, त्यामुळे पूर्वीची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस सवयीने जुनंच प्रमाण घेतो आणि तेवढ्याने त्याचा श्वास थांबतो. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचता आलं नव्हतं. इतकी वर्षं मोजून काढायची, आणि बाहेरचे चौदा दिवसही बघायला मिळू नयेत.

उपाय आहेत, आणि ते अवघडही नाहीत. ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून तुरुंगातच अफूजन्य व्यसनावरची औषधं द्यायला सुरुवात केली आणि सुटल्यावर तोच उपचार बाहेरच्या दवाखान्यात चालू राहील अशी जोडणी केली. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत राज्यात अतिमात्रेने मेलेल्यांमधले २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. पुढच्या वर्षी त्याच काळात ९ होते. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून अतिमात्रेचा धोका असलेल्या सुटणाऱ्याच्या हातात नॅलोक्सोनचं किट देतात. अतिमात्रेने थांबत चाललेला श्वास हे औषध परत सुरू करतं. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, मानसिक आजार यांची औषधंही अशीच मध्ये तुटतात. म्हणून सुटताना पुरेशी औषधं सोबत, पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली, आणि उपचाराचा खर्च कोण देणार हे नक्की, एवढं तरी हवं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेच्या आधीचे ९० दिवस काही आरोग्यसेवा सरकारी विम्यातून द्यायची मंजुरी मिळाली. त्याआधी तुरुंगात असेपर्यंत हा विमा जवळपास बंदच असे.

कधीकधी मात्र नुसत्या कॅलेंडरनेही घात होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये फार मोठ्या संख्येने सुटका शुक्रवारी व्हायच्या. माणूस दुपारपर्यंत बाहेर यायचा, निवाऱ्याचं कार्यालय, दवाखाना, प्रोबेशनचं म्हणजे देखरेखीचं ऑफिस एवढ्या सगळ्या ठिकाणी संध्याकाळच्या आत पोचायचा प्रयत्न करायचा, आणि एखादं दार बंद झालं की थेट सोमवार. २०२३ साली कायदा झाला आणि अशा लोकांना दोन कामकाजाचे दिवस आधी सोडायची मुभा मिळाली. तारीख थोडी अलीकडे आणायला एवढी वर्षं का लागावी?

नॉर्वेची पद्धत या सगळ्याच्या मुळाशी जाते. तिथल्या तुरुंगांत शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल तुरुंगाचे नोकर नसतात. गावातल्या शाळा, आरोग्यसेवा आणि ग्रंथालयंच आत येऊन सेवा देतात. त्यामुळे सुटल्यावर माणूस अनोळखी खिडक्यांसमोर उभा राहत नाही, सेवा देणारी यंत्रणा तीच राहते. तिथे दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण साधारण २० टक्के सांगितलं जातं. अमेरिकेत २००५ साली तीस राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना पहिल्याच वर्षात आणि ६८ टक्क्यांना तीन वर्षांत पुन्हा अटक झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी भाषण केलं तर सावध राहा. एकात पुन्हा शिक्षा मोजली आहे, दुसऱ्यात नुसती अटक, कालावधीही वेगळा. पण पहिल्या वर्षातला ४४ टक्क्यांचा आकडा एकटाही पुरेसा बोलका आहे. मदत कुठल्या काळात एकवटायला हवी, हे तो सांगतो.

बायकांची गोष्ट वेगळी लिहायला हवी. तुरुंगातल्या अनेक बायका आई असतात, आणि मुलं नातेवाइकांकडे किंवा सरकारी पालनगृहात गेलेली असतात. अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने पालनगृहात असेल, तर काही अपवाद वगळता, आईबापाचे हक्क कायमचे संपवण्याची कारवाई राज्याने सुरू करायची असते. सुटलेल्या आईला मूल परत हवं तर पुरेशा खोल्यांचं घर दाखवावं लागतं. कुटुंबासाठीचं घर मागायला गेली तर मूल सध्या तिच्याकडे नाही, म्हणून तिला एकट्या व्यक्तीची खोली देऊ करतात. ही गाठ तिला एकटीला सुटत नाही. तिच्या बाजूने न्यायालयाशी आणि गृहनिर्माण कार्यालयाशी एकाच वेळी बोलणारं कुणीतरी लागतं.

सुझन बर्टन यांनी नेमकं हेच काम हाती घेतलं. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाचा पोलिसाच्या गाडीखाली मृत्यू झाला होता. त्या दुःखात व्यसन लागलं आणि पुढची बरीच वर्षं तुरुंगाच्या आत-बाहेर गेली. १९९८ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात स्वतःच्या घरात सुटून आलेल्या बायकांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. तुरुंगातून येणारी बस शहरात जिथे थांबते तिथे त्या जाऊन उभ्या राहत. त्याच थांब्यावर दलाल आणि नशा विकणारेही उभे असत, आणि कोण एकटी उतरतेय हे त्यांना बरोबर कळत असे. आधी कोण पोचतं, यावर पुष्कळ काही अवलंबून होतं. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्झिशन्स क्लिनिकनेही याच अनुभवाला कामाची जागा दिली. तिथले आरोग्य कार्यकर्ते स्वतः तुरुंगवास भोगलेले असतात. डॉक्टरला न सांगितलेली गोष्ट माणूस त्यांना सांगतो.

नोकरीबद्दल थोडक्यात. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारखीच पात्रता असलेले तरुण नोकरीसाठी पाठवले आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना मालकाकडून बोलावणं आलं, नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीय उमेदवारांत हेच आकडे १४ आणि ५ होते. शिक्का आणि वर्ण, दोन्हींचं ओझं यात दिसतं. पहिल्या पगाराला उशीर होणार हे धरूनच घराची योजना आखावी लागते.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. प्रामाणिकपणे कष्ट करणारा गरीब माणूस झोपडीत राहतो, आणि गुन्हा केलेल्याला घर? हा राग खोटा नाही. गरिबांसाठी घरं कमी आहेत, आणि ती वाढवायलाच हवीत. पण सुटलेला माणूस कुठेतरी राहणारच आहे. तो माहीत असलेल्या पत्त्यावर राहतो की पुलाखाली, एवढंच आपण ठरवू शकतो. कॅलिफोर्नियात २००६ साली मतदारांनी लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना शाळा आणि बागांपासून २,००० फुटांच्या आत राहायला मनाई केली. दाट वस्तीच्या शहरांत राहायला जागाच उरली नाही आणि पॅरोलवरचे असे लोक मोठ्या संख्येने बेघर झाले. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं तेच शोधायला अवघड झाले. २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन डिएगो काउंटीत पॅरोलवरच्या सगळ्यांना सरसकट लावलेली ही अट रद्द केली. पीडित व्यक्तीच्या घरापासून अंतर, तिला सुटकेची आगाऊ सूचना, धोका खरोखर मोठा असेल तिथे कडक देखरेख या गोष्टी हव्यातच. त्या पाळायच्या तर सुटलेल्याचा पत्ता आधी ठाऊक असावा लागतो.

तुमच्या जवळचं कुणी सुटणार असेल तर तयारी किमान सहा महिने आधी सुरू करा. ओळखीचे आणि जन्माचे दाखले, शाळेची प्रमाणपत्रं कुणाकडे आहेत ते शोधा. घर भाड्याचं असेल तर करारात आणखी एक माणूस राहू शकतो का ते वाचून घ्या, आणि घरमालकाला नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा शक्य असेल तिथे आधी सांगा. तुरुंगातल्या कल्याण अधिकाऱ्याला विचारा: कुठली औषधं चालू आहेत, किती दिवसांची सोबत मिळतील, देखरेखीच्या अटी कुठल्या, पहिली हजेरी कधी. सुटकेच्या दिवशी फाटकावर कुणीतरी असू द्या, आणि तो वार कुठला आहे तेही बघा.

पहिले काही आठवडे विचित्र वागणं दिसेल. वर्षानुवर्षं स्वतः दार न उघडलेली माणसं दारापाशी थांबून राहतात, कुणीतरी उघडेल म्हणून. दुकानात दहा प्रकारचे साबण बघून गोंधळतात, रात्री दिवा चालू ठेवतात, घास भरभर गिळतात. टोकू नका, आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्यासाठी तुम्ही ठरवूही नका. काय खायचं, कधी झोपायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, त्याला वेळ लागला तरी. घराची एक किल्ली पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात द्या. आणि दुसऱ्या दिवशी ओळखपत्राच्या खिडकीवर त्यांच्यासोबत जा. पत्त्याच्या पुराव्यासाठी तुमच्या घराचं वीजबिल न्यायला विसरू नका.